सहाशे माणसं, एक टोपास



रायपूरच्या शंकर नगरातून, नेहमीच्याच खोलीतून बोलतोय. आजचा विषय ऐकल्यावर आमच्या घरातून हरकत आली. "अहो, लोक जेवताना मोबाइल समोर ठेवून तुमचं बोलणं ऐकतात. दुसरं काही सापडलं नाही का?" तेव्हा आधीच सांगतो, ताटावर असाल तर जेवण उरकून घ्या आणि मग ऐका. विषय आहे जहाजावरचे संडास. शिडाच्या जहाजांवर, मालवाहू बोटींवर शेकडो माणसं महिनोन् महिने राहायची. ती जायची कुठे? आणि नंतर ते साफ कोण करायचं?

तुम्ही म्हणाल, हा माणूस तोफखान्यातला, राहतो रायपूरला, समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. याला जहाजांचं काय? तर १९८८ साली मी कॅप्टन होतो आणि आमची रेजिमेंट शांतिसेनेत श्रीलंकेला निघाली होती. मद्रासहून त्रिंकोमालीला. सरकारने मागवून घेतलेली एक जुनी प्रवासी बोट होती, तिच्यात आम्ही सहाशेच्या आसपास माणसं. त्या बोटीवर मी 'टोपास' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, हे कुणाचं तरी नाव आहे. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. आधी जहाज समजून घेऊ.

इंग्रजी बोलणाऱ्या नौदलांमध्ये आजही संडासाला 'हेड्स' म्हणतात. हेड म्हणजे डोकं, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. आपल्याकडे त्याला नाळ म्हणतात. शिडाच्या मोठ्या लढाऊ जहाजाला नाळेच्या पुढे, पाण्यावर झुकलेला एक लाकडी जाळीचा सज्जा असे. त्याच्यावर भोकं पाडलेल्या फळ्या किंवा पेट्या बसवलेल्या. खलाशाने तिथे जाऊन बसायचं, खाली थेट समुद्र. लाट आली की जाळी धुऊन निघायची.

आता प्रश्न असा, की पुढेच का? मोटारगाडीत राहणाऱ्या माणसाला वाटेल, घाण मागे असावी म्हणजे वास मागे राहील. पण आडव्या डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं लावलेलं जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वारा त्याला मागून किंवा बाजूने लागतो. म्हणजे वास पुढे जातो. संडास मागे ठेवला असता तर वास सगळ्या जहाजावरून फिरून मग पुढे गेला असता. नाळेवर ठेवला की तो थेट समुद्रात. ही रचना कुणा पंडिताने बसून केलेली नाही. नाकाने केलेली आहे.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या जमशेटजी बोमनजी वाडियांनी ब्रिटिश नौदलासाठी एक फ्रिगेट बांधलं. मलबारचं सागवान. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं. नाव ठेवलं 'त्रिंकोमाली'. योगायोग बघा, मी ज्या बंदरात पुढे उतरलो त्याचंच नाव. ते जहाज आजही तरंगतंय, इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावी, आणि लोक तिकीट काढून आत जातात. सागवानाला कीड लागत नाही म्हणून टिकलं. त्यावर तीनशेच्या आसपास माणसं असायची. नाळेवरच्या बैठका मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नेल्सनच्या 'व्हिक्टरी'वर तर आठशेहून जास्त माणसं होती आणि तिथेही हीच तऱ्हा.

मग तीनशे माणसं आळीपाळीने गेली तरी रांग संपेल का? रांग संपत नसे. शिवाय हवा बिघडली की नाळेवर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. नाळ लाटेत बुडते, वर येते, पुन्हा बुडते. तिथे अंधारात, ओल्या जाळीवर, विजार सोडून बसायचं. आजारी माणूस तर जाऊच शकत नाही. मग काय होतं? माणूस जवळचा कोपरा बघतो. बादली वापरतो. आणि कोपऱ्यातलं सगळं शेवटी खाली झिरपतं. जहाज उलटू नये म्हणून तळाशी वाळू, खडी, दगड भरतात, त्याला नीरम म्हणतात. त्या नीरमात हे पाणी साचायचं आणि कुजायचं. पंपाने उपसलं तरी वाळूतला गाळ तसाच. जुन्या जहाजाचा वास म्हणून जो सांगितला जातो, तो ह्या तळाचा वास.

आणि अधिकारी? ते पिछाडीला. जहाजाच्या मागच्या भागात काचेच्या खिडक्यांचा कप्तानाचा दिवाणखाना असे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर काढलेल्या नक्षीदार गॅलऱ्या. चित्रात त्या फार देखण्या दिसतात. त्यातल्या एका कोपऱ्यात कप्तानाचा खासगी संडास. वर छप्पर, बाजूला खिडकी, खाली समुद्र. ज्या वासासाठी सगळं जहाज पुढे पळवलं, तो वास कप्तानाच्या एकट्यापुरता चालत होता, कारण माणूस एक आणि जागा एक. यात मी हसत नाही. फौजेत चाळीस वर्षांपूर्वी आमच्याकडेही ऑफिसर्सचं वेगळं, जेसीओंचं वेगळं आणि जवानांचं वेगळं होतं. मुद्दा असा, की कुठल्याही जहाजाचा नकाशा घ्या आणि संडास कुठे आहेत, किती आहेत, ते बघा. माणसांचा हुद्दा वेगळा विचारावा लागत नाही.

आपल्याकडच्या पाण्यात काय होतं? अरबी समुद्रातल्या व्यापारी धावांवर पिछाडीला किंवा बाजूला एक लाकडी पेटी बाहेर लटकवलेली असे, तळाला भोक. त्यात उतरून बसायचं, डोकं तेवढं वर दिसायचं. लहान गलबतं, मचवे यांच्यावर एवढंही नाही, काठ धरायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. पण ही बोट लहान, माणसं कमी, आणि किनारा हाकेच्या अंतरावर. दर्यावर्दी मराठ्यांचं बळ लांबच्या सफरींत नव्हतं, ते किनाऱ्यावरच्या दुर्गांत होतं. आणि माझ्या मते जलदुर्ग म्हणजे नांगर टाकून कायमचं उभं केलेलं जहाजच. पाणी मोजकं, माणसं कोंडलेली, बाहेर पडायला वाट नाही.

म्हणून सिंधुदुर्ग बघायला गेलात तर एवढं करा. महाराजांच्या हाताचा ठसा बघा, गोड्या पाण्याच्या विहिरी बघा, आणि नंतर तटात बांधलेले शौचकूपही बघा. बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. तटाच्या जाडीतच पहाऱ्यावरच्या शिपायाची सोय केलेली आहे, म्हणजे त्याला पहारा सोडून लांब जायला नको आणि किल्ल्यात घाण व्हायला नको. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या व्यवस्थेबद्दल लिहिलं आहे, त्यात केरकचऱ्याचाही हुकूम आहे. केर गडावर पडू द्यायचा नाही, गडाखालीही टाकायचा नाही, जागच्या जागी जाळायचा आणि ती राख परसात टाकून भाजीपाला करायचा. राज्य कसं चालवावं हे सांगणाऱ्या ग्रंथात, तोफा आणि दारूगोळ्याच्या शेजारी, केर आहे. मी शिपाई माणूस, मला यात सगळं कळलं. ज्याने हे लिहिलं त्याने वेढ्यात अडकलेला गड डोळ्यांसमोर आणला होता.

आता येऊ 'टोपास'कडे.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर खलाशी आपले असत. त्यांना लास्कर म्हणायचे. डेकवर रत्नागिरी भागातले खलाशी, खानपानाला गोव्याचे लोक, इंजिनाच्या भट्टीवर पंजाब आणि सरहद्दीकडचे. डेकवाल्यांचा मुख्य सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग साधे खलाशी. आणि सगळ्यांच्या खाली टोपास. त्याचं काम झाडू, बादली आणि संडास. हा शब्द पुढे रॉयल इंडियन नेव्हीत गेला आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलातही बराच काळ राहिला.

शब्द आला कुठून? युल आणि बर्नेल यांचा १८८६ चा जुना कोश आहे, 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा, अँग्लो-इंडियन शब्दांचा. त्यात टोपास म्हणजे पोर्तुगीज वंशाचा, ख्रिस्ती धर्माचा, सावळ्या रंगाचा माणूस, बहुतेक वेळा शिपाई. इंग्रजांनी मुंबई घेतली तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या फौजेत असे टोपास शिपाई होते. व्युत्पत्ती तीन सांगतात. एक, टोपी घालणारा. आपण युरोपियनांना टोपीकर म्हणायचो, तसं. दोन, दुभाषी. आणि तीन, तोपची. तोपची म्हणजे तोफ डागणारा, म्हणजे मी. नक्की कुठली खरी, यावर भांडण मिटलेलं नाही. पण त्याच कोशात पुढे एक छोटी नोंद आहे, की जहाजावरचा टोपास म्हणजे झाडूवाला.

म्हणजे शे-दोनशे वर्षांत बंदूक धरणाऱ्या शिपायाचं नाव झाडू धरणाऱ्याला लागलं. तो शिपाई खाली उतरला की काम त्याच्यावर ढकललं गेलं, हे त्या शब्दात लिहिलेलं नाही. एवढं खरं, की सारंगाला बढती होती, तांडेलाला बढती होती, टोपास मात्र टोपासच राहायचा. आणि जहाजावर हे काम कुणाला द्यायचं ते जमिनीवरच्या जातीने आधीच ठरवून ठेवलेलं असायचं. समुद्र ओलांडला की जात जाते म्हणणारे आपण. झाडू मात्र काळं पाणी ओलांडून त्याच हातात राहिला.

आता एक प्रसंग सांगतो. पहिल्या महायुद्धातला. फौजेत हा आम्हाला शिकवायला हवा होता, पण माझ्या वाचनात आला तो निवृत्तीनंतर.

१९१५ साल. मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. सहावी पूना डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली टायग्रिस नदीने बगदादकडे निघाली होती. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची पोरं. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली. मेलेले आणि जखमी मिळून चार हजारांहून जास्त. डिव्हिजन मागे फिरली आणि जखमींना नदीने बसऱ्याला पाठवायचं ठरलं. रुग्णनौका जवळजवळ नव्हत्या. जी बोट माल आणि दाणागोटा घेऊन वर येत होती, तिच्याच उघड्या डेकवर जखमी भरले, बाजूला बार्जेस बांधल्या, त्यातही भरले. कित्येकांना हगवण लागलेली. उठता न येणारी माणसं खेटून ठेवलेली. काठापर्यंत सरकायलाही जागा नाही.

त्यातली एक बोट 'मेजिदिये'. ती संध्याकाळी बसऱ्याला आली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा मेजर कार्टर दुसऱ्या बोटीवर उभा राहून बघत होता. त्याने चौकशी आयोगापुढे दिलेली साक्ष अशी, की तीनचारशे यार्डांवरून त्याला वाटलं, बोटीच्या कडेने दोर लोंबताहेत. बोट जवळ आली, वास आला, आणि कळलं की ते दोर नाहीत. ती माणसांची विष्ठा होती. कडेवरून ओघळून वाळलेली. सगळी बाजू भरलेली.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कारण त्या डेकवर मराठीत आईला हाक मारणारं कुणीतरी असणार.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. वरून जो अहवाल गेला त्यात म्हटलं होतं, जखमींची प्रकृती समाधानकारक आहे आणि वैद्यकीय व्यवस्था उत्तम चालली. कार्टरने आरडाओरड केली तर वरिष्ठांनी त्याला लुडबुड्या ठरवलं, अटकेची आणि नेमणूक काढून घेण्याची धमकी दिली. तो गप्प बसला नाही. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, लंडनमध्ये गदारोळ झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. एका बोटीच्या कडेवरची घाण मंत्रिमंडळापर्यंत पोचली. पण ती तिथे पोचली कारण एका डॉक्टरने जे दिसलं ते शब्द न चोरता सांगितलं. त्याने 'अस्वच्छता आढळली' असं लिहिलं असतं तर तो कागद फायलीत गेला असता.

आता माझी गोष्ट.

मद्रास सोडलं आणि रात्री समुद्र खवळला. आमची रेजिमेंट राजस्थान, हरियाणा आणि थोडी विदर्भाची. समुद्र कुणी पाहिलेला नाही. मध्यरात्रीपर्यंत अर्धी माणसं ओकत होती. खालच्या डेकवर संडास होते बारा की चौदा, त्यातले निम्मे तुंबले. पाणी दरवाजाखालून बाहेर येऊन गल्लीत हेलकावत होतं. त्या डेकचा ड्यूटी ऑफिसर मी. सकाळी सी.ओ. साहेबांची फेरी होती. पाच वाजता मी खाली गेलो, बघितलं, आणि ओरडलो, "इथला सफाईवाला कोण आहे?" बोटीवरचा एकजण म्हणाला, टोपासला बोलावतो.

पन्नाशी ओलांडलेला, बारीक माणूस आला. खाकी अर्धी चड्डी, अनवाणी, हातात बादली. मी त्याला दहा-वीस जवानांसमोर हिंदीत झाडलं. काय काय बोललो ते सगळं आठवतं, सांगणार नाही. तो ऐकून घेत होता. माझ्या छातीवरची नावाची पट्टी त्याने वाचली असावी. तो मराठीत म्हणाला, "साहेब, रात्रभर इथेच आहे मी. माणसं सहाशे, बादली एक."

एवढंच. आवाज चढवला नाही.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काय केलं असं तुम्हाला वाटतं? मी बादली उचलली, असं सांगितलं तर व्हिडिओ छान होईल. मी उचलली नाही. मी तिथेच उभा राहिलो. मागून आमचे सुभेदार साहेब आले, हरियाणाचे, वजनदार माणूस. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, त्या माणसाच्या हातातली बादली घेतली आणि सहा जवानांना नावाने हाका मारल्या. पहिला तुंबलेला संडास सुभेदारांनी स्वतः मोकळा केला. तासाभरात गल्ली कोरडी. मग त्यांनी दर दोन तासांची पाळी लावली आणि कागद माझ्यासमोर धरला. मी सही केली. सी.ओ. साहेबांनी फेरीत मला शाबासकी दिली. ती मी घेतली.

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. त्रिंकोमालीला उतरताना तो दिसला, पाइप धरून डेक धूत होता. मी त्याच्याजवळून गेलो. आज पस्तीस वर्षांहून जास्त झाली, त्याचं नाव मला माहीत नाही, आणि ह्या सगळ्या गोष्टीत मला लाज वाटते ती या एका गोष्टीची.

फौजेत आम्हाला शिकवलेलं होतं. कॅम्प पडला की आधी पाणी कुठलं आणि संडासाचे चर कुठे, हे ठरवायचं. पाण्यापासून लांब, स्वयंपाकापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून. चर रोज मातीने झाकायचा. तपासणी अधिकाऱ्याने स्वतः करायची. हगवण गोळीपेक्षा जास्त माणसं झोपवते, हे प्रत्येक जुन्या लढाईने दाखवलंय. जमिनीवर मी हे सगळं करायचो. जहाजावर चढलो आणि गृहीत धरलं, की इथे हे काम करणारा एक माणूस ठेवलेला आहे, माझा संबंध नाही. मेजिदियेवर चूक करणारेही बहुधा वाईट लोक नव्हते. त्यांनी जखमी मोजले, बोटी मोजल्या, कोळसा मोजला. शौचाला जाणारी माणसं मोजली नाहीत. ते कुणाचं तरी दुसऱ्याचं खातं होतं.

१९९० मध्ये शांतिसेना परतली तेव्हा आम्ही दुसऱ्या बोटीने आलो. चढल्याबरोबर मी सुभेदार साहेबांकडून कागद मागितला आणि पाळीच्या यादीत पहिलं नाव माझं लिहिलं. त्यांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. समुद्र शांत होता, काम फार पडलं नाही. तेव्हा ह्याचंही मोठेपण नको.

आजच्या जहाजांची स्थिती पुष्कळ बदललीय. सांडपाण्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत, मार्पोल करारातलं चौथं परिशिष्ट, २००३ पासून लागू. मोठ्या जहाजावर मैलापाण्याची टाकी किंवा शुद्धीकरणाचं यंत्र असावं लागतं. बारीक करून जंतुनाशक घातलेलं पाणी किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे सोडता येतं. प्रक्रिया न केलेलं पाणी टाकीत साठवलेलं असलं, तर बारा मैलांपलीकडे, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, आणि तेही जहाज चालू असताना, हळूहळू. जमिनीवर आपल्याकडे हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ चा कायदा आला, मग २०१३ चा अधिक कडक. तरी गटारात उतरून माणसं मेल्याची बातमी अजून वाचावी लागते. कायदा आहे, यंत्रं आहेत. माणूस उतरवणारा मात्र अजूनही वर उभा राहून हुकूम देतो, जसा मी दिला.

तुमच्यापैकी कुणी सोसायटीचे चेअरमन असतील, कुणी लग्नाचा हॉल ठरवत असतील, कुणी शाळेची सहल काढत असतील, कुणी वारीत दिंडीची व्यवस्था बघत असतील. एक काम करा. जेवणाची पानं मोजता, बसच्या जागा मोजता, तशी ही सोयही मोजा. किती माणसं, किती संडास, पाणी किती, आणि साफ करणारे किती. शेवटचा आकडा एक आला, तर तुमचा हिशेब चुकलाय. आणि त्या एकाचं नाव विचारून ठेवा.

पुढच्या वेळी खाण्याचा विषय घेऊ, असं घरातून बजावलंय. भेटू. जय हिंद.